केबलवाल्याचं फायबर, १०० एमबीपीएस (बेळगाव-खानापूर): ऑनलाइन शिकणाऱ्यांसाठी कसं आहे?

दिवसा वेग झकास. पण स्पीडटेस्टच्या आकड्यावर भाळू नका. त्याचा सर्व्हर बऱ्याचदा ऑपरेटरच्याच नेटवर्कात असतो. रात्री ८ ते १० च्या दरम्यान, वायफाय सोडून लॅन केबल लावून फास्ट डॉट कॉम चालवा. ती चाचणी नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून होते. इथे स्पीडटेस्टला ९४ आणि फास्टला ३१ आले. बाहेरची सगळीच पानं संथ असतील तर ऑपरेटरने वरून स्वतःसाठी घेतलेली इंटरनेटची लाइनच तोकडी आहे. फक्त व्हिडिओ रखडत असेल आणि व्हीपीएन (आपण काय बघतो ते ऑपरेटरपासून झाकणारं ॲप) लावताच सुटत असेल, तर ऑपरेटरने मुद्दाम व्हिडिओचाच गळा आवळलेला आहे. एनपीटीईएलची (आयआयटी वगैरेंच्या मोफत अभ्यासक्रमांची) व्याख्यानं यूट्यूबवरच आहेत, म्हणजे फटका थेट अभ्यासाला. या कनेक्शनवर व्हीपीएनने फरक पडला नाही. लाइनच तोकडी.

‘अनलिमिटेड’ म्हणजे काय, तेही बघा. ठरलेला डेटा संपला की वेग २ एमबीपीएसवर येतो. ४८० पीच्या व्याख्यानाला साधारण १ लागतो. एका पोराचं भागतं, दोघं कॅमेरा लावून बसली की आवाज तुटलाच.

दारात येणारा माणूस ‘अमुक अभ्यासाच्या ॲपचा डेटा मोजत नाही’ म्हणून सांगतो. ॲपची वर्गणी फुकट देणं वेगळं. पण त्याच ॲपचा डेटा फुकट आणि बाकीच्यांचा मोजून, याला ट्रायने (दूरसंचार नियामकाने) ८ फेब्रुवारी २०१६ च्या नियमांत बंदी घातलीय. दंड दिवसाला ५० हजार, कमाल ५० लाख रुपये. आज ते ॲप फुकट, म्हणून पोरगं स्वयम किंवा दीक्षा ही सरकारी मोफत व्यासपीठं उघडायचंच सोडतं. खरं नुकसान ते.

जांबोटी, कणकुंबीकडे पावसात फांदी पडून वायर ताणली जाते आणि घरातल्या फायबरच्या डब्यावरचा एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लुकलुकतो. लाइनमनला फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची पॉवर मोजायला लावा: उणे २७ डीबीएमच्या खाली गेली तर जोड नवा करावा लागतो, डबा बंद-चालू करून काही होत नाही. १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घेण्याआधी गल्लीतल्या ऑपरेटरच्या पेटीला विजेचा बॅकअप आहे का, ते विचारा. नसेल तर वीज गेल्यावर घरातला यूपीएस नुसता दिवे दाखवतो.

तक्रार फोनवर तोंडी सोडू नका, डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घ्या. दाद लागली नाही तर ३० दिवसांत कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. ट्राय एकेकट्याच्या तक्रारी सोडवत नाही. आणि वर्षाचे पैसे एकदम भरू नका. महिन्याच्या प्लॅनवर भर पावसातला एक जुलै महिना काढा, मग ठरवा.