गावाचा आराखडा लोकांसोबत करताना: फ्लेक्सवरचा गट नकाशा की अंगणातला रांगोळीचा नकाशा?

नव्यानं निवडून आलेल्या ग्रामपंचायत सदस्यांशी बोलणं झालं की हा प्रश्न हमखास निघतो. गायरानाचं काय करायचं, गावठाण कुठल्या अंगाला वाढू द्यायचं, पाणंदी मोकळ्या करायच्या का, ओढ्याकाठी आणखी किती विहिरी होऊ द्यायच्या, हे सगळं लोकांना सोबत घेऊन ठरवायचं आहे. मग सुरुवात कशानं करावी? आराखड्याचे नमुने, निधीचे हिशेब, पोर्टलवर माहिती भरणं हे तुम्हाला ठाऊक आहे, त्यात शिरत नाही.

व्यवहारात दोन वाटा दिसतात. एक म्हणजे उपग्रहाच्या चित्रावर गटांच्या, म्हणजे सातबारावर नंबर असलेल्या जमिनीच्या तुकड्यांच्या, रेषा चढवून मोठा फ्लेक्स छापायचा, तो देवळाच्या सभामंडपात लावायचा आणि ग्रामसभेत त्यावर चर्चा घ्यायची. दुसरी म्हणजे शिवार फेरी काढायची, म्हणजे सगळ्यांनी मिळून गावचं रान पायी बघायचं, आणि मग वाडीवस्तीवर बसून लोकांच्याच हातानं जमिनीवर गावाचा नकाशा काढून घ्यायचा. आमच्या दुष्काळी पट्ट्यातल्या गावात मी दोन्ही केलं आहे. दोन्हीत तथ्य आहे, पण माझं पारडं एका बाजूला झुकलेलं आहे, हे आधीच सांगतो.

फ्लेक्सचा मोठा गुण म्हणजे तो सरकारी कामाला थेट जोडता येतो. गट नंबर दिसतो, क्षेत्र कळतं, गायरान किती आणि त्यावर अतिक्रमण कुठवर आलं हे झाकून राहत नाही. पाझर तलाव, जुने नालाबांध, वनविभागाची हद्द एका नजरेत येते. ठरावात गट नंबर नसेल तर तो पंचायत समितीच्या टेबलावरून पुढे सरकत नाही, हा अनुभव तुम्हालाही असेल. बाहेरून शिकून आलेल्या तरुणांना हा नकाशा पटकन कळतो आणि तेही बोलू लागतात.

गोव्याचं उदाहरण इथं आठवतं. 2006 साली तिथं 2011 पर्यंतचा प्रादेशिक आराखडा अधिसूचित झाला. त्यात शेतं आणि डोंगरउतार वस्तीसाठी खुले होणार हे लोकांच्या लक्षात आलं, गोवा बचाव अभियान उभं राहिलं, आणि 2007 साली सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. त्यानंतर 2021 पर्यंतचा आराखडा करताना कृती दल नेमलं गेलं, त्यात वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया होते. नकाशे पंचायतींपर्यंत गेले आणि गावागावांतून सूचना आल्या. अशा वेळी छापील नकाशा हातात नसेल तर हरकत कशावर घेणार? हे श्रेय फ्लेक्सला द्यायलाच हवं. पुढे 2012 साली सरकार बदललं आणि तो आराखडाही स्थगित झाला, ही गोष्ट वेगळी.

आता ज्या एका गोष्टीमुळे माझं मत ठरलं ती सांगतो. फ्लेक्स लावला की येणारा प्रत्येक माणूस आधी स्वतःचा गट शोधतो. बोट तिथं टेकतं आणि पहिलं वाक्य येतं, “हा बांध असा कसा गेलाय?” जुन्या गाव नकाशाच्या रेषा उपग्रहाच्या चित्रावर तंतोतंत बसत नाहीत, थोड्या सरकतात. त्यामुळे चित्रात एकाच्या ज्वारीवरून दुसऱ्याच्या गटाची रेषा गेलेली दिसते. शेजारी उभा असलेला भाऊबंद ते बघतच असतो. मग मोजणी कधी झाली, कुणी पैसे भरले, खुणा कुणी उपटल्या, इथंवर गोष्ट जाते. “हा मोजणीचा नकाशा नाही” असं कितीही समजावलं तरी उपयोग होत नाही, कारण कागदावर छापलेल्या रेषेला लोक सरकारी समजतात. आमच्याकडे एका बैठकीत गायरानाचा विषय पहिल्या क्रमांकावर होता आणि तो शेवटपर्यंत निघालाच नाही. बांधावरून बोलणारे चार-सहा जण तेवढे तावातावानं बोलले. ज्यांच्या नावावर जमीनच नाही ती माणसं मागं भिंतीला टेकून उभी राहिली आणि हळूहळू निघून गेली. ज्यांची शेळ्या-मेंढरं गायरानावर जगतात ती हीच माणसं. इतर वस्त्यांवरही कमीअधिक प्रमाणात असंच झालं. गावोगाव असंच होत असेल असं मी म्हणणार नाही. जिथं वाटण्या आणि मोजण्या नीट झाल्या आहेत तिथं कदाचित त्रास कमी होईल.

जमिनीवरच्या नकाशात गट नंबर नसतो, म्हणून बांधही नसतो. शाळेचं अंगण झाडून घ्यायचं, आणि सुरुवात ओढ्यापासून करायची. आमच्याकडे ओढा निळीनं काढला, रस्ते चुन्याच्या फक्कीनं, गायरानावर कडुनिंबाचा पाला पसरला, घरांना ज्वारीचे दाणे ठेवले. रांगोळी बायकांच्या हातात सहज बसते, त्यामुळे पहिली रेघ त्यांच्याकडून येते आणि पुरुष दुरुस्त्या सुचवत खाली बसतात. भिंतीवरच्या नकाशासमोर जो पुढे उभा तो बोलतो. इथं सगळे गोलात असतात, जो तो आपल्या बाजूनं हात घालतो.

त्या दिवशी धनगरवाड्यावरच्या एका आजींनी भंडाऱ्याची चिमूट घेतली आणि गायरानातून तिरकी रेघ ओढली. मेंढरं पावसाळ्याआधी परततात ती ही वाट, आणि मधल्या खडकाच्या खोलगटात साठलेलं पाणी त्यांना पहिल्यांदा मिळतं ते इथं. गायरानाचा नेमका तोच तुकडा सौर प्रकल्पाला द्यावा असं गावात बोललं जात होतं. शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून गायरानावर सौर पॅनेल बसवण्याचा विषय सध्या अनेक गावांपुढे आहे, तसा आमच्याही पुढे होता. फ्लेक्सवर ती जागा नुसतीच तपकिरी, मोकळी दिसत होती, म्हणून कुणाला शंकाही आली नव्हती. आजींच्या रेघेनंतर लोकांनी पॅनेलसाठी पलीकडचा माळ सुचवला आणि वाटेचा पट्टा सोडायचा असं ठरलं. यावर वाद झाला, पण तो गायरानाबद्दलचा वाद होता. आम्हाला तोच हवा होता.

नकाशाआधी शिवार फेरी मात्र हवीच. जलयुक्त शिवार अभियान सुरू झाल्यापासून, म्हणजे 2014 च्या अखेरीपासून, हा प्रकार गावोगाव माहीत आहे, पण अनेकदा फोटोपुरता उरकला जातो. माथ्यापासून पायथ्यापर्यंत चालत उतरायचं, सोबत एक म्हातारा माणूस, एक मेंढपाळ आणि शेतात रोज राबणारी बाई असावी. दिवाळीनंतर निघालात तर ओढ्याला पाणी कुठवर टिकलंय ते कळतं. चैत्रात निघालात तर ते कुठं आटलं ते कळतं, पण तेव्हा जत्रा आणि लग्नसराईमुळे माणसं मिळत नाहीत. मला दिवाळीनंतरचे दिवस बरे वाटतात.

या वाटेचे तोटेही आहेत. वाडीवार बसायचं म्हणजे बऱ्याच संध्याकाळी जातात. प्रमाण बिघडतं. आपली वस्ती मोठी निघते, दूरची वस्ती कोपऱ्यात जाते. गावातली वजनदार माणसं अंगणात खाली बसायला येत नाहीत, आणि नंतर ग्रामसभेत “हे कधी ठरलं?” म्हणून उभी राहतात. शिवाय वारा आला की नकाशा गेला. रांगोळीवर ठराव होत नाही, हे तर उघडच आहे.

पण ग्रामसभेवर तरी किती भिस्त ठेवायची? कोरम एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली कमी असेल ती संख्या. तेवढेही जमले नाहीत तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरमची अट नाही. गावाच्या पुढच्या वीस वर्षांचा निर्णय अशा सभेत मूठभर माणसांच्या सह्यांवर होऊ शकतो. आधी होणारी महिला सभा बऱ्याच ठिकाणी रजिस्टरमध्येच होते. वाडीवार नकाशे झाले असतील तर तीच माणसं आपला नकाशा मांडायला सभेला येतात, असं आमच्याकडे दिसलं.

काही गावांना हा प्रश्नच पडत नाही. गडचिरोलीतलं मेंढा-लेखा एवढं लहान आहे की सगळं गाव एकत्र बसू शकतं. अभ्यास गटात विषय समजून घेऊन सर्वसहमतीनं ठरवण्याची त्यांची रीत जुनी आहे. 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर त्यांना सामूहिक हक्क मिळाला, त्यामागे ही तयारी होती. हिवरे बाजारनं शेतीसाठी बोअरवेल नाही, बाहेरच्याला जमीन विकायची नाही, पाण्याचा ताळेबंद बघून पिकं ठरवायची, असे नियम केले आणि पाळले. नकाशा कुठला वापरला यावर हे ठरत नाही, लोकांनी नियम आपला मानला की नाही यावर ठरतं. मला रांगोळी बरी वाटते ती याचसाठी. स्वतःच्या हातानं काढलेली मेंढरांची वाट लोक सहजी नांगरू देत नाहीत.

फ्लेक्स टाकून द्या असं मी म्हणणार नाही. क्रम बदला, एवढंच सुचवीन. आधी फेरी, मग वाडीवार रांगोळीचे नकाशे, त्याच संध्याकाळी ते मोठ्या कागदावर उतरवून काढणाऱ्यांच्या सह्या घ्यायच्या. गट नकाशा बाहेर काढायचा तो शेवटी, फक्त सामाईक जागांचे गट नंबर भरण्यासाठी, आणि खासगी गटांच्या रेषा जमल्या तर छापूच नयेत. छापणारा कुरकुर करेल, पण ते होतं. अपवाद एकच. तुमच्या गावावर प्रादेशिक आराखडा किंवा भूसंपादनाची नोटीस आली असेल आणि हरकतींची मुदत चालू असेल, तर वेळ घालवू नका, गट नकाशा घेऊनच बसा. एरवी तलाठी आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांना पहिल्या रांगोळीपासूनच बोलवा. त्यांनी नकाशा होताना पाहिला असेल तर पुढे ठराव लिहिताना वाटेचा पट्टा वगळला जात नाही.