जुन्या इन्व्हर्टरवर लिथियम बॅटरी : सगळं छान, फक्त बीप वाजत नाही

इन्व्हर्टरची ट्युब्युलर (पाण्याची लेड-ॲसिड) बॅटरी काढून 12.8 व्होल्ट, 100 अँपिअर-अवरची एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी बसवली, त्याला अख्खा पावसाळा झाला. दोन पंखे, तीन ट्यूब आणि राउटर मिळून 220 वॅटच्या लोडवर पावणेपाच-पाच तास आरामात निघतात. पाणी घालणं संपलं, वजन तर काहीच नाही. पण लो-बॅटरीचा बीप येत नाही. थेट काळोख. दुकानात हे कोणी सांगत नाही, याचा मनापासून राग येतो.

ट्युब्युलरचं व्होल्टेज हळूहळू उतरतं, म्हणून इन्व्हर्टर साधारण 10.8 ला बीप देतो आणि 10.5 ला बंद होतो. एलएफपी 13.3 वरून 13.0 वर येईस्तोवर निम्म्याच्या आसपास चार्ज गेलेला असतो. 1997 मध्ये शास्त्रज्ञ जॉन गुडइनफ यांच्या टेक्सासमधल्या चमूने हे रसायन मांडलं तेव्हापासून हा सपाटपणा माहीत आहे: इलेक्ट्रोडच्या कणात लिथियम असलेला आणि नसलेला असे दोन भाग नांदतात, त्यांचं प्रमाण बदलतं, व्होल्टेज जवळपास तेच राहतं. शेवटी मात्र ते कोसळतं. त्यात बॅटरीतल्या एकामागोमाग जोडलेल्या चार सेलपैकी एक मागे असेल तर तिघे 2.9 वर, एक 2.5 वर, बेरीज 11.2. त्या एका सेलसाठी बीएमएस (बॅटरीतलं संरक्षण सर्किट) पुरवठा तोडतं. 10.8 येतच नाही, मग बीप कुठून येणार?

तोडल्यावर टर्मिनलवर शून्य दिसतं. लाईट आली तरी काही इन्व्हर्टर चार्जिंग सुरूच करत नाहीत. तेव्हा इन्व्हर्टर बंद करून झीरो-व्होल्ट ॲक्टिव्हेशनवाला (शून्य दिसणारी बॅटरीही जागी करणारा) लिथियम चार्जर थोडा वेळ लावावा लागतो.

पहिले काही आठवडे सगळा राग बॅटरीवर होता. आता तो इन्व्हर्टरच्या सेटिंगवर आहे. सेल समान करणारं बॅलन्सिंग प्रत्येक सेल 3.4 च्या वर गेल्यावरच चालतं, तेही अगदी थोड्या करंटने. लवकर 13.5 च्या फ्लोटवर (बॅटरी भरल्यावर धरून ठेवायच्या कमी व्होल्टेजवर) उतरणारा इन्व्हर्टर त्याला वेळच देत नाही आणि मागे पडलेला सेल मागेच राहतो. चार्जिंगच्या शेवटी टर्मिनलवर मल्टिमीटर लावा. 14.2 ते 14.4 दिसलं आणि तिथे तासभर टिकलं तर उत्तम. 14.6 ओलांडत असेल तर बीएमएस तोडेल, इन्व्हर्टरचा चार्जिंग मोड बदला. मोड बदलल्यावर इथे बॅकअप वाढला. बीप तरीही नाही, कारण रसायन तेच.

त्यावर खरा उपाय शंट मीटर : बॅटरीत जाणारा-येणारा करंट मोजून उरलेला चार्ज टक्क्यांत दाखवणारा. 100 अँपिअरचा शंट बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला लावा आणि बाकीच्या सगळ्या निगेटिव्ह वायरी त्याच्या दुसऱ्या टोकाला. एकही वायर थेट बॅटरीला राहिली तर मोजणी चुकते. क्षमता 100 भरा, बॅटरी पूर्ण भरली की 100 टक्क्यांवर रीसेट करा, अलार्म 20 टक्क्यांवर ठेवा. महिन्यातून एकदा पूर्ण भरून पुन्हा रीसेट, नाहीतर आकडा सरकत जातो.

नवा लिथियम-इन्व्हर्टर घ्या असा आग्रह होईल. जुना 14.4 पर्यंत चढत असेल तर तो खर्च वाचवा आणि त्यातले थोडे पैसे मीटरवर घाला.