रबराचा पक्षी की रिमोटचा?

सहावी-सातवीतल्या मुलासाठी पंख फडफडवत उडणारं यंत्र घ्यायचं, तर रबरावरचं की रिमोटवरचं? ठाण्यात आमच्या घरी दोन्ही वापरून (आणि मोडून) झालीत.

रबराची कल्पना जुनी. फ्रान्सच्या आल्फोन्स पेनोनं १८७४ मध्ये पिळलेल्या रबरावर पंख हलवणारं मॉडेल उडवलं होतं. आजही रबराला एरंडेलाचं बोट लावायचं, पीळ द्यायचा, सोडून द्यायचं. उडतो जेमतेम दहा सेकंद. नाक मुरडू नका. टोरांटोच्या मंडळींनी २००६ साली माणूस बसवून पंख फडफडवणारं विमान उडवलं, तेही जेट इंजिनाच्या मदतीनं, तेव्हा ते १४ सेकंद हवेत होतं.

पंखाचं प्लास्टिक ढिलं दिसतंय म्हणून भाच्यानं मागची कड सेलोटेपनं ताणून बसवली. पंख फडफडले खूप, पक्षी मात्र नाकावर आपटला. पुढची काडी कडक नि मागची कड सैल, हीच तर खुबी! पंख खाली जाताना सैल कड मागे रेंगाळते, पंख तिरका होतो आणि हवा मागे ढकलली जाते. टेप काढल्यावर तोच पक्षी हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला.

रिमोटवाला दिसतो झकास. मैदानावर पहिल्याच दिवशी कावळे गोळा झाले होते. पण मोटर फिरते सुसाट, पंखांना हवेत सेकंदाला मोजकेच फटके. मधला वेग उतरवायचं काम दातेरी चाकांचं, आणि प्रत्येक फटक्याचा हिसका त्यांनाच बसतो. तिसऱ्या रविवारी आमच्या चाकाचे दाते झिजले. मोटर घुं-घुं करतेय, पंख गप्प. सुटं चाक मिळेल का, हे पैसे देण्याआधी विचारा. आम्ही विचारलं नव्हतं.

वारा दोघांनाही नको. रबराचा पक्षी सोसायटीच्या हॉलमध्येही चालतो. रिमोटवाल्याला मोकळं मैदान आणि सकाळची वेळ हवी. उपवनच्या काठावर नको, तळ्यात गेला की गेला. नवी मुंबईत राहत असाल तर आता विमानतळ आहे, आधी सरकारी ड्रोन नकाशा बघा.

कॅमेरा हवा असेल तर सरळ ड्रोन घ्या. नाहीतर मी आधी रबराचाच घेईन, जादा रबरासकट. ते उन्हात ठेवू नका, चिरा पडतात.