तीन महिन्यांचा ग्रामवन व्यवस्थापन कोर्स: पैसे वसूल, पण जाहिरातीतल्या नोकरीवर जाऊ नका

कोर्स संपून आठ महिने झाले. लगेच लिहायला बसले असते तर नुसती भडास निघाली असती, म्हणून थांबले होते. संस्थेचं नाव टाकत नाही. शिकवणारी माणसं चांगली होती आणि माझी तक्रार ऑफिसातल्या कारभाराची आहे. गडचिरोली-चंद्रपूरकडे असे निवासी कोर्स चालतात, तुम्ही फॉर्म भरणार असाल तर आधी हे वाचा.

मी कुरखेडा तालुक्यातली, बी.ए. झालेली. फी सहा हजार, राहणं-जेवण त्यातच. आईने ऐकलं तेव्हा ती म्हणाली, "आपलंच जंगल पाहाले सहा हजार?" पहिला आठवडाभर मलाही तसंच वाटत होतं. ऐन, धावडा, बीजा, चारोळी ओळखायला मला सर कशाला लागतात? आमच्या बॅचमध्ये एक नागपूरचा मुलगा होता, त्याला साग आणि पळसाच्या पानातला फरक आम्ही पोरींनी शिकवला.

खरा कोर्स दुसऱ्या आठवड्यात, मोजायला लागलो तिथून सुरू झाला. दहा बाय दहा मीटरचा चौकोन दोरीने आखायचा आणि त्यातलं एकेक झाड वहीत घ्यायचं, अगदी बोटभर रोपसुद्धा. खोडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजतात, पण छाती कोणाची? माझी आणि त्या नागपूरवाल्याची सारखी कशी असेल! म्हणून १.३७ मीटरवर खूण केलेली काठी सोबत ठेवायची आणि ती खोडाला लावून टेप फिरवायची. टेप कसली, शिंप्याचीच.

तिसऱ्या दिवशी सरांनी वह्या मागितल्या. आमच्या गटाच्या दहा चौकोनांत मोहाची मोठी झाडं नऊ होती आणि रोप एकही नव्हतं. सर काहीच बोलले नाहीत, फक्त झाडाखालची काळी जमीन दाखवली. फुलं नीट दिसावी म्हणून मार्चमध्ये पाचोळा जाळतात, त्यात रोपं जातात. नंतर पडणाऱ्या बियाही आपण तेलासाठी वेचून आणतो. आमच्या घरी दरवर्षी आगपेटी घेऊन मीच जायची. लहानपणापासून त्या झाडाखाली बसते, पण बारकी रोपं का नाहीत हे कधी मनात आलं नव्हतं. एवढ्या एका दिवसाचे सहा हजार म्हटले तरी मला जास्त वाटत नाहीत.

कायद्याचा भागही चांगला झाला. वनहक्क कायदा २००६चा. त्याच्या कलम ५ प्रमाणे जंगल आणि वन्यजीव राखण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. आमच्या गावाला सामूहिक वनहक्क (अख्ख्या गावाचा जंगलावरचा हक्क) मिळून बरीच वर्षं झाली, पण कागद कपाटात होता. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला दोन दिवस नेलं होतं. त्यांना २००९ साली सुमारे १,८०० हेक्टरवर हक्क मिळाला, तरी स्वतःचा बांबू विकायला वाहतूक पास (माल जंगलाबाहेर न्यायचा परवाना) हातात यायला २०११ उजाडलं. तिथल्या ग्रामसभेत मतदान नाही, सगळ्यांचं जुळेपर्यंत बोलायचं. आमच्या गावात असं बोलायचं ठरवलं तर पावसाळा निघून जाईल, पण ते असो.

बांबूतोडीचं प्रात्यक्षिक उरकल्यासारखं वाटलं. कोवळा बांबू आणि वास्ते (नवे कोंब) सोडायचे, तोड जमिनीलगतच्या पेराच्या वर करायची, एवढं सांगून अर्ध्या दिवसात परत आणलं. हिशेबाचा तास मात्र कामाचा होता. तेंदूचा ७० पानांचा पुडा आणि १,००० पुड्यांची प्रमाण गोणी, हे मजुरीपुरतं आम्हाला पाठ असतं. ठेकेदाराशी करार करताना ग्रामसभेने कोणता कागद मागायचा, ते इथे कळलं.

आता राग.

जाहिरातीत लिहिलं होतं, "१००% रोजगार". आम्ही अठरा जण होतो, शेवटच्या दिवशी मिळालं काय तर एक ग्रुप फोटो. सर्टिफिकेट पाच महिन्यांनी आलं, तेही दोन वेळा गाडीभाडं खर्चून ऑफिसात बसले तेव्हा. त्यावर आडनाव चुकलेलं. अकरा मुलींना एकच संडास. जेवणात वरणभात आणि वांगी, वांगी आणि वरणभात.

वनरक्षक भरतीसाठी म्हणून कोणी हा कोर्स करत असेल तर करू नका. तिथे बारावीचे विषय बघतात, धावायला लावतात, मुलींना चार तासांत १६ किलोमीटर चालायला लावतात, आणि लेखी असते. चालण्यात आम्ही मागे पडत नाही, लेखीत पडतो. तेव्हा लेखीचा अभ्यास वेगळा करा. बारावी सायन्स असेल आणि वय हाताशी असेल तर अकोल्याच्या कृषी विद्यापीठात बी.एस्सी. वानिकी आहे, आधी तिकडे पाहा.

मला काम मिळालं ते संस्थेमुळे नाही, वहीमुळे. शेजारच्या ग्रामपंचायतीची लोक जैवविविधता नोंदवही (गावातल्या झाडाझुडपांची, प्राण्यांची नोंद) करायची होती, दोन महिने ते केलं. मग तेंदूच्या हंगामात आमच्या ग्रामसभेने फळीवर, म्हणजे पुडे गोळा होतात तिथे, हिशेब लिहायला ठेवलं. पगार म्हणावा असं काही नाही, पण मजुरीपेक्षा बरं. बाकीच्यांपैकी तिघं जंगलाच्या कामात आहेत, एक मोबाइलच्या दुकानात.

पाचपैकी साडेतीन. शिकवण्याला साडेचार आणि ऑफिसला मायनस एक.

हो, मोहाचं राहिलं. घरी येऊन आईला म्हटलं, यंदा जाळायचं नाही. "मंग फुलं कायच्यात वेचू?" जुनी लुगडी काढली आणि झाडाखाली चार खुंट्यांना ताणून बांधली. एकाच झाडाखाली, कारण लुगडी तेवढीच. त्या झाडाच्या बियाही थोड्या पडू दिल्या. परवा जाऊन पाहिलं, सात रोपं आहेत. बकऱ्या जाऊ नयेत म्हणून बाबांनी भोवती बोरीचे काटे टाकलेत.