अभ्यास-बायबल: समासातले संदर्भ कामाचे, विषयसूची बेताची

स्त्री, सौंदर्य आणि प्रेम यांबद्दल बायबलमध्ये एकमेकांशी न पटणारी वचनं बरीच आहेत. ती समोरासमोर ठेवून वाचायची तर साधी प्रत पुरत नाही, संदर्भ, तळटिपा आणि विषयसूची असलेलं अभ्यास-बायबल लागतं. त्यातली सगळीच साधनं सारख्या कामाची नसतात.

विषयसूची दिसायला सोयीची, पण भरवशाची नाही. ‘सौंदर्य’ शोधलं की नीतिसूत्रे ३१:३० हाती येतं: रूप फसवं, परमेश्वराचं भय धरणारी स्त्रीच स्तुतीस पात्र. तेवढ्यावर पान मिटलं तर नटणंच वर्ज्य वाटेल. पण हीच बाई आठ वचनं आधी, ३१:२२ मध्ये, तलम, जांभळी वस्त्रं ल्यालेली आहे. नीतिसूत्रे ५:१८-१९ तर बायकोच्या देहात रमून जा, असं उघडच सांगतं. सूची वचन कापून देते, आजूबाजूचं मागे राहतं.

समासातले संदर्भ, म्हणजे वचनाशेजारी दिलेले जुळणाऱ्या वचनांचे क्रमांक, यापेक्षा किती तरी बरे, फक्त त्यांच्यावर विसंबू नये. १ पेत्र ३:३-६ घ्या. केसांच्या वेण्या, सोनं यांपेक्षा अंतःकरणाची शोभा मोठी, आणि दाखला अब्राहामाची बायको सारा हिचा. ३:६ पाशी बहुतेक प्रती उत्पत्ती १८:१२ देतात, कारण तिथे ती अब्राहामाला धनी म्हणते. ते योग्यच. उत्पत्ती १२:११-१५ मात्र तिथे असेलच असं नाही. त्यात याच सारेचं रूप इतकं देखणं, की अब्राहाम जिवाच्या भीतीनं तिला बहीण म्हणवतो आणि ती फारोच्या घरी नेली जाते. हा संदर्भ पेन्सिलीनं लिहूनच ठेवावा. पेत्राचा दाखला त्यानं खोटा ठरत नाही, अवघड मात्र होतो. यहेज्केल १६ सुद्धा जोडा: ११व्या वचनात देव स्वतः स्त्रीरूपातल्या यरुशलेमेच्या अंगावर दागिने घालतो, १५व्यात तेच रूप घात करतं.

प्रत घेण्याआधी दोन ठिकाणं उघडून बघा. प्रेमगीतांचं पुस्तक गीतरत्न, त्यात ७:१० पाशी उत्पत्ती ३:१६ दिलंय का? उत्पत्तीत स्त्रीची ओढ नवऱ्याकडे आणि सत्ता त्याची. गीतात ओढ पुरुषाची, तिच्याकडे, आणि सत्तेचं नावही नाही. हिब्रू क्रमांकनात हे वचन ७:११ आहे, म्हणून संदर्भ एका वचनानं चुकल्यासारखा वाटला तर तो छापखान्याचा दोष नव्हे. दुसरं ठिकाण १ करिंथ ११:५ आणि १४:३४. आधी स्त्रिया प्रार्थना करतात, संदेश देतात. पुढे त्यांनी मंडळीत गप्प राहावं. काही हस्तलिखितांत १४:३४-३५ ही वचनं ४०व्या वचनानंतर येतात. तळटीप हे सांगत असेल तर संपादकांनी काम केलंय. पेच गुळगुळीत करून टाकला असेल तर दुसरी प्रत बघा.

गीतरत्नात ‘वधू’, ‘वर’ असे मथळे असतात. ते संपादकांचे, मूळ पाठातले नव्हेत, आणि प्रतीगणिक बदलतात. कोण बोलतंय हे त्यांच्यावरून ठरवू नका.

ॲपमध्ये शोधताना ‘सौंदर्य’ एवढंच टाकून भागत नाही. ‘सुंदर’, ‘रूपवती’, ‘लावण्य’ वेगवेगळे शोधा, नाहीतर राहेल किंवा एस्तेर यांसारख्या देखण्या स्त्रिया यादीत येणारच नाहीत.