गिटार पुसायची कशाने? गोव्याच्या दमट हवेतला हिशेब

चवथीची साफसफाई निघाली की आमच्याकडे माळ्यावरच्या समया आणि कोपऱ्यातली गिटार एकाच दिवशी बाहेर येतात. गिटार जूनपासून बॅगेत. चेन ओढली की आधी कुबट वास, मग ब्रिजच्या, म्हणजे अंगावर तारा अडकवतात त्या लाकडी पट्टीच्या, कडेने धरलेली पांढुरकी बुरशी. समया पितांबरीने लख्ख होतात, गिटारीचं तसं नाही. तिला काय लावायचं नाही, हे आधी ठाऊक असावं लागतं.

फोंड्यात माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांचे पालक विचारतात, "सर, ऑनलाइन चार बाटल्यांचं किट दिसतंय, मागवू का?" बहुतेकांना मी नको म्हणतो. पण उत्तर देण्याआधी गिटार बघतो, कारण निवड बाटलीवरून होत नाही, लाकडावरच्या लेपावरून होते.

आधी लेप

यामाहा आणि बाजारातल्या बहुतेक स्वस्त-मध्यम गिटारींवर पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टर असतं. टेलरच्या चकचकीत गिटारींवरही पॉलिएस्टरच. हा लेप कडक असतो, सहसा दगा देत नाही. मार्टिनच्या वरच्या किमतीच्या गिटारी आणि गिब्सन यांच्यावर नायट्रोसेल्युलोज लॅकर असतं. ते पातळ आणि नाजूक. रबराच्या स्टँडला महिनाभर टेकून राहिलं तरी त्यावर डाग उमटतो. मार्टिनचीच स्वस्तातली एक्स मालिका घेतली असेल तर निश्चिंत राहा. तिचं अंग म्हणजे दाबून बनवलेलं लॅमिनेट, आपल्या ओट्याखालच्या कपाटांच्या सनमायकाचं भावंड. ओलसर फडकं फिरवलं की काम झालं.

हाताने घडवलेल्या क्लासिकल गिटारींवर मात्र बऱ्याचदा शेलॅक असतं. म्हणजे लाख. जुना मेस्त, म्हणजे सुतार, चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून कपाटाला पॉलिश करायचा, तेच हे. जे स्पिरिटमध्ये विरघळतं ते स्पिरिटनेच उतरतं, त्यामुळे सॅनिटायझर लावलेला ओला हातसुद्धा तिथे शत्रू. एका मित्राच्या अशा गिटारीवर फेणीचा थेंब उडाला होता. गप्पांच्या नादात कुणी पुसला नाही. सकाळी तिथे नखाएवढा पांढरट, खरबरीत डाग होता. फेणीत चाळीस टक्क्यांच्या वर अल्कोहोल असतं, दुसरं काय होणार!

फडकं, स्प्रे की घरातलं पॉलिश?

कोरडं मायक्रोफायबर फडकं या सगळ्या लेपांवर चालतं. तेही नसेल तर जुना धुतलेला सुती बनियन, शिवण आणि लेबल कापून. आपल्याकडच्या घामाचं मीठ वाजवून झाल्या झाल्या पुसलं तर दुसरं काही लागतच नाही. डाग हलत नसेल तर त्यावर तोंडाची वाफ सोडायची आणि पुसायचं. त्यानेही नाही गेला तर फडक्याचा एक कोपरा पाण्यात बुडवून घट्ट पिळायचा, पुसायचं आणि लगेच कोरडं करायचं.

गिटारसाठी म्हणून मिळणाऱ्या स्प्रेने चमक येते, बोटांचे ठसे पटकन जातात. चकचकीत पॉलीवर (पॉलियुरेथेन, पॉलिएस्टर) तो बिनधास्त वापरा, फक्त फवारा फडक्यावर मारा, गिटारवर नाही. नायट्रो असेल तर बाटलीवर नायट्रोला चालतं असं छापलेलं असल्याशिवाय घेऊ नका. शेलॅकसाठी मी स्प्रे घेणारच नाही.

मॅट, म्हणजे बिनचमकीच्या, गिटारीचं पथ्य वेगळं. तिच्यावर मेण नको, पॉलिश नको, जोराने घासणंही नको. हे मी स्वतःच्या गिटारवर शिकलो. गाडीला लावायचं पॉलिश उरलं होतं, म्हटलं बघू या. उजवा हात टेकतो तिथे चार मिनिटं घासलं आणि तळहाताएवढा तुकतुकीत चट्टा उमटला. बाकी अंग मंद, मध्ये आरशासारखा तुकडा. दहा वर्षं झाली, तो चट्टा आहे तिथेच आहे.

फर्निचरच्या स्प्रेत अनेकदा सिलिकॉन असतं. आज छान दिसतं, पण ते बारीक भेगांत मुरतं. उद्या कारागिराने तिथे लॅकरचा हात दिला की खड्डे पडतात, लेप धरत नाही. काच पुसायच्या स्प्रेत अमोनिया किंवा अल्कोहोल असू शकतं. दोन्ही घरात आहेत म्हणून फुकट वाटतात, पुढे दुरुस्तीचं बिल येतं.

किनाऱ्याकडच्या शॅकमध्ये वाजवणाऱ्यांसाठी जाता जाता एक सांगतो. सनस्क्रीन आणि डासांसाठीचं डीईईटीवालं मलम लेपाला मऊ करतं. तिथे फडक्यापेक्षा वाजवण्याआधी हात धुणं जास्त कामाचं.

फ्रेटबोर्डला तेल: कोणतं, आणि किती वेळा?

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते इथे. फ्रेटबोर्डला, म्हणजे बोटांनी तारा दाबतो त्या लाकडी पट्टीला, महिन्या-दोन महिन्यांनी तेल द्या असं सांगणारे बरेच व्हिडिओ हिवाळ्यात हीटर चालणाऱ्या घरांतले. तिथे लाकूड खरंच सुकतं. गिटारला हवेत ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. गोव्यात पावसाळ्यात ती ८० च्या वर ठाण मांडून बसते. आपल्या शिसवी फ्रेटबोर्डला तहान लागलेलीच नसते, आणि आपण पाजत बसतो. जास्तीचं तेल फ्रेटच्या, म्हणजे त्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या, खाचांत साचतं आणि त्यावर मळ बसतो.

दसऱ्याच्या सुमारास, पाऊस सरल्यावर तारा बदलता, तेव्हा वर्षातून एकदा तेल दिलं तरी भागतं. कशाचं द्यायचं, ते बघू.

दुकानात मिळणारं लेमन ऑइल, उदाहरणार्थ डनलॉपचं, हा सोपा आणि सुरक्षित पर्याय. नावात लिंबू असलं तरी अशा बाटल्यांत मुख्यतः मिनरल ऑइल असतं. खरं लिंबू पिळू नका. हसू नका, पिळलेलं मी पाहिलं आहे. फार्मसीत मिळणारं लिक्विड पॅराफिन, जे बद्धकोष्ठावर देतात, तेही मिनरल ऑइलच. वास नाही, खवट होत नाही, किंमत कमी. मळ सोडवायला मात्र त्याची तेवढी मदत होत नाही, म्हणून आधी फ्रेटबोर्ड नीट पुसून घ्यावा लागतो. बेबी ऑइल म्हणजे बहुधा तेच, वरून सुगंध. मी पॅराफिन वापरतो. एक बाटली माझ्या हयातीत संपायची नाही.

खोबरेल? गोव्यात हात आपोआप त्याच बाटलीकडे जातो. शाळेत असताना मीही चोपडलं होतं. आठवडाभर फ्रेटबोर्ड काळाभोर, देखणा. मग चिकट झाला, आणि पुढच्या पावसात त्याला जुन्या करंज्यांचा वास यायला लागला. खाद्यतेलं खवट होतात, त्याला इलाज नाही. जवसाचं तेल वाळून थर धरतं, आणि त्याची चुरगाळून टाकलेली फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ते मेस्तासाठी राहू दे.

तेल द्यायचं ते चार-पाच थेंब फडक्यावर घेऊन, दोन मिनिटांनी पूर्ण पुसून काढायचं. मेपलच्या लेप दिलेल्या फ्रेटबोर्डला तेल नको, तो अंगासारखाच पुसा.

स्टिकरचा गोंद, काळे फ्रेट, तारा

गोंदासाठी स्पिरिट की लायटरमधलं नॅफ्था? नॅफ्था. पॉली आणि नायट्रो दोन्हीवर ते सहसा सुरक्षित असतं, तरी आधी खालच्या कडेला एक ठिपका लावून बघा. खिडकी उघडी ठेवा, जवळ निरांजन नको. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर घरातून हद्दपार.

फ्रेटसाठी बरेच जण अगदी बारीक स्टील वूल सुचवतात. घासलं छान जातं, पण त्याचा लोखंडी चुरा इथल्या हवेत गंजतो. फ्रेटसाठीचा रबरी खोडरबर थोडा महाग, पण मला तोच पटतो. तारा फक्त कोरड्या फडक्याने, वरून आणि खालून. मुलं खालून पुसतच नाहीत.

आणि ती बुरशी

नाकाला रुमाल बांधून अंगणात या. घट्ट पिळलेल्या फडक्याने बुरशी पुसा, लगेच कोरडं फडकं फिरवा आणि दोन्ही फडकी गरम पाण्यात टाका. इथे स्प्रे आणि तेल दोन्ही निरुपयोगी, कारण बुरशी हवेतून येते. किटच्या पैशांत एक छोटा आर्द्रतामापक आणि सिलिका जेलच्या पुड्या येतील, मी त्याच घ्यायला सांगेन. निळे दाणे गुलाबी झाले की ते भरले, तापवून पुन्हा वापरता येतात.

बॅग उलटी करून कडक उन्हात टाका, दिवसभर. गिटार मात्र उन्हात नको, बंद गाडीतही नको. उष्णतेने गोंद सैल पडतो आणि ब्रिज मागच्या कडेने उचलला जातो. तिथे साधा कागद सरकवून बघा. आत शिरला, तर फडकं बाजूला ठेवा, तारा सैल करा आणि गिटार कारागिराकडे न्या.