झेरमाटचं हॉटेल, डिसेंबर ते एप्रिल: चार मुक्काम आणि सतरा रात्रींनंतरचा अनुभव

आम्ही झ्युरिकला राहतो, मी, नवरा आणि सात वर्षांची लेक. या हिवाळ्यात ठरवलं की दर वेळी नवीन जागा शोधण्यापेक्षा एकाच ठिकाणी परत परत जायचं, आणि आयुष्यात एकदा तरी नीट महागड्या हॉटेलात राहायचं. म्हणून झेरमाट या आल्प्समधल्या स्कीच्या गावातलं एक स्पावालं, स्कीवालं, "स्थानिक आणि शाश्वत जेवण" असं वेबसाइटवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं हॉटेल निवडलं. डिसेंबरात चार रात्री, जानेवारीत तीन, फेब्रुवारीत आईबाबा सोलापूरहून आले होते तेव्हा सहा आणि ईस्टरनंतर एप्रिलमध्ये चार. हॉटेलचं नाव मुद्दामच देत नाही, खाली तक्रारीही आहेत, आणि तशीही अशा प्रकारची हॉटेलं तिथे बरीच आहेत, त्यामुळे हे सगळं त्यांनाही बहुतेक लागू पडेल.

आधी पोचण्याबद्दल, कारण तिथूनच पैसे वसूल व्हायला लागतात. झेरमाटमध्ये पेट्रोल-डिझेलची गाडी चालत नाही, कारने आलात तर ती खालच्या टेश गावात ठेवून पुढची बारा मिनिटं ट्रेनने जायचं. आम्ही चारही वेळा घरापासून ट्रेननेच गेलो. लेचबर्गचा ३४.६ किलोमीटरचा बोगदा पार केला की व्हिस्प, तिथे छोट्या रुळांची गाडी धरायची, ती मधे मधे दातेरी रुळांवरून वर चढते. फेब्रुवारीत बाबा सगळा रस्ता खिडकीला नाक लावून बसले होते. मी त्यांना म्हटलं, बाबा, हे गाव सोळाशे मीटरवर आहे, म्हणजे आपण कळसूबाईच्या जवळजवळ माथ्यावर राहायला चाललोय आणि डोंगर तिथून पुढे सुरू होतात. त्यांनी ते दिवसभरात तीन जणांना फोन करून सांगितलं. स्टेशनवर हॉटेलची विजेवर चालणारी चौकोनी छोटी गाडी येते, तसल्या गाड्या गावातच बनवतात. रात्री गावात इंजिनाची घरघर नाही, हॉर्न नाही, आईला पहिल्या रात्री त्या शांततेनेच झोप लागेना.

आता खोली. डिसेंबरात आम्ही मॅटरहॉर्न दिसणारी खोली घेतली, रात्रीला बरेच फ्रँक जास्त मोजून, आणि चार रात्रींत डोंगर दिसला दीड दिवस. बाकी वेळ ढग. दिसला तेव्हा मात्र अंगावर काटा आला हे खरंय, ४,४७८ मीटरचं ते एकटं उभं टोक, सकाळी आधी फक्त शेंड्याला गुलाबी होतं आणि मग तो रंग हळूहळू खाली उतरतो. पण तोच डोंगर नदीवरच्या पुलावरून फुकट दिसतो, स्कीच्या लिफ्टमधून (म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या पाळण्यांतून) तर दिवसभर दिसतो. जानेवारीपासून आम्ही मागच्या बाजूची खोली घेतली आणि वाचलेले पैसे स्कीच्या शिक्षकावर घातले, आणि अख्ख्या हिवाळ्यातला आमचा सगळ्यात शहाणा निर्णय तोच होता.

स्कीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण भारतातून येणारे बरेच जण "दोन दिवसांत शिकू" असं धरून येतात. तिशीनंतर शिकत असाल तर पहिले दोन दिवस बूट समजण्यातच जातात. बूट भाड्याने घेताना बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत, आतमध्ये एकच पातळ मोजा, दोन घातले की पाय बधिर होतो. आणि दुकानात वजन विचारतात तेव्हा खरं सांगा, कारण पडल्यावर स्की पायातून कधी सुटायची ते बाइंडिंग (बूट स्कीला अडकवून ठेवणारी कडी) तुमच्या वजन, उंची, बुटाची लांबी आणि तुम्हाला कितपत येतं त्यावर लावतात, तिथे लाजून दहा किलो कमी सांगितले तर ती नको तेव्हा सुटेल. नवशिक्यांसाठी गावाच्या वरची सुनेगा ही जागा बरी, १९८० पासून डोंगराच्या पोटातून एक रेल्वे पाचेक मिनिटांत २,२८८ मीटरवर नेते, वर छोट्या तळ्याजवळ मुलांचा सौम्य उतार आहे. आमची लेक तिथे पहिल्याच दिवशी "पिझ्झा" शिकली, म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ आणून ब्रेक लावायचा. मला एक वाक्य उपयोगी पडलं, शिक्षिका म्हणायची की नडगी बुटाच्या पुढच्या भागावर दाबून ठेव आणि जिथे जायचंय तिथे बघ, पायाकडे बघू नकोस. फेब्रुवारीत पाचव्या दिवशी मी निळ्या, म्हणजे सोप्या, उतारावरून न थांबता खाली आले आणि खाली बाबा हातातली कॉफी तशीच धरून उभे होते, ते काही बोलले नाहीत, नुसती पाठ थोपटली.

इथे पहिली तक्रार. वेबसाइटवर "लिफ्टजवळ" लिहिलंय, प्रत्यक्षात बारा मिनिटं चालायचं, तेही स्कीचे बूट घालून आणि सात वर्षांच्या पोरीची स्की आपल्या खांद्यावर घेऊन. बुकिंगच्या आधी पत्ता नकाशावर टाकून चालायचं अंतर बघाच. नंतर आम्ही लिफ्टच्या तळाशी लॉकर घेतला, सामान तिथेच ठेवलं आणि प्रश्न सुटला. पण मग हॉटेलची स्कीरूम, जिथे गरम हवेच्या नळ्यांवर बूट रात्रभर वाळत घालता येतात, ती वाया गेली, आणि ती खरंच सुंदर सोय आहे.

दुसरं, वारा. जानेवारीत तीन दिवसांपैकी एक दिवस "फ्योन" (Föhn) होता, हा आल्प्स ओलांडून येणारा वारा, त्यात वरच्या सगळ्या लिफ्ट बंद. स्की पास दिवसाला नव्वद-शंभर फ्रँकच्या आसपास पडतो आणि आधी घेतला तर स्वस्त मिळतो, म्हणून आम्ही आधी घेऊन ठेवला होता आणि तो दिवस बुडाला. आता मी आदल्या संध्याकाळी वाऱ्याचा अंदाज बघूनच पास घेते, थोडे जास्त गेले तरी चालतील. सुट्टीच्या शेवटी एक दिवस मोकळाही ठेवा. २०१८ च्या जानेवारीत हिमस्खलनाच्या भीतीने रस्ता आणि रेल्वे दोन्ही बंद होऊन इथे १३ हजारांच्या आसपास पर्यटक अडकले होते, लोकांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं होतं. परतीचं विमान दुसऱ्याच दिवशी ठेवू नका.

आईबाबा स्की करणारे नाहीत. त्यांना आधी ३,८८३ मीटरवरच्या क्लाइन मॅटरहॉर्नला (हे मॅटरहॉर्नहून वेगळं, लहान शिखर) नेलं, ही माझी चूक होती. बाबांना बीपीची गोळी चालू आहे, वर पोचल्यावर दहा मिनिटांत चक्कर आल्यासारखं झालं, लगेच खाली आणलं, सुदैवाने खाली आल्यावर बरे झाले. दोन दिवसांनी गोर्नरग्राटची दातेरी रेल्वे केली, १८९८ पासूनची आहे, ३,०८९ मीटरवर जाते, तीही त्यांनी डॉक्टरांना सोलापूरला फोन करून विचारल्यावरच. तिथे मात्र ते दीड तास बसले. खाली येताना ही गाडी ब्रेक लावते त्यातून वीज तयार होते हे ऐकून तर (बाबा एमएसईबीतून रिटायर झालेत) त्यांनी गार्डला इतके प्रश्न विचारले की मला भाषांतर करता करता धाप लागली.

स्पाबद्दल कोणी मोकळेपणाने लिहीत नाही म्हणून मी लिहिते. इकडे सॉनाच्या भागात कपडे घालून जायचं नसतं, स्विमिंग सूटही नाही, बायका-पुरुष एकत्र, टॉवेल अंगाखाली अंथरून बसायचं म्हणजे घाम लाकडावर पडत नाही. त्यांच्यासाठी ही स्वच्छतेची साधी बाब आहे. आपल्याला नाही जमत आणि नाही जमलं तर त्यात काही वावगं नाही. पण हे आईला आधी सांगायला हवं होतं, दार उघडून ती जी परत फिरली ती तासभर खोलीतून बाहेर आली नाही, मला फार वाईट वाटलं. रिसेप्शनला विचारल्यावर कळलं की आठवड्यातून एक संध्याकाळ फक्त बायकांसाठी असते. ते वेबसाइटवर कुठेच नव्हतं. त्या संध्याकाळी आम्ही दोघी टॉवेल गुंडाळून वाफेच्या खोलीत बसलो, आईचे गुडघे कित्येक दिवसांनी मोकळे झाले, ती म्हणाली बाळंतिणीच्या शेकासारखं वाटतंय गं. बाहेरचा गरम पाण्याचा तलाव मात्र सगळ्यांनी वापरला, तिथे सूट घालायचाच असतो, बाहेर उणे अकरा आणि आपण गळ्यापर्यंत कोमट पाण्यात, लेकीच्या ओल्या केसांचं बर्फ होऊन काड्या झाल्या होत्या.

आणि आता जेवण. हाफ बोर्ड होता, म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरून. हे मी सगळ्यात जास्त तपासलं, कारण "शाश्वत" हा शब्द हल्ली कुठेही चिकटवतात. या हॉटेलात मेन्यूवर कुठला पदार्थ कुठून आला ते लिहितात आणि विचारलं तर सांगतातही. पर्च मासा याच भागातल्या रारोन गावचा, तिथे लेचबर्गच्या बोगद्यातून येणाऱ्या कोमट पाण्यावर तो वाढवतात, ज्या बोगद्यातून आम्ही आलो तोच! केशर मुंड गावचं. र्‍होन खोऱ्यात ब्रिगच्या वरच्या अंगाला हे छोटंसं गाव आहे, तिथे केशर राईच्याच (rye, गव्हासारखं धान्य, आपली मोहरी नव्हे) शेतात लावतात, एकाच जमिनीत दोन पिकं, फुलं हाताने वेचायची. आणि त्या खोऱ्याचा राईचा पाव, त्यात किमान ९० टक्के राई असावीच लागते. पूर्वी गावाच्या सामायिक भट्टीत वर्षातून दोन-तीनदाच भाजायचे आणि महिनोन्महिने टिकवायचे. बाबांनी तुकडा मोडला, दातांनी जोखला आणि म्हणाले, ही तर आपली कडक भाकरी. तेव्हापासून रोज नाश्त्याला त्यांना तोच लागायचा, लोणी लावून.

शाकाहाऱ्यांसाठी मात्र महत्त्वाचं. आई अंडंही खात नाही. रॅक्लेट म्हणजे चीजची अर्धी चकती आचेला धरून वितळलेला थर बटाट्यावर खरवडून देतात, सोबत काकडीचं आणि कांद्याचं लोणचं, बघूनच तोंडाला पाणी सुटतं. पण अशा पारंपरिक चीजमध्ये दूध फाडायला बहुतेक वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. वेटरने "व्हेजिटेरियन" म्हणूनच वाढलं होतं, त्याचं चुकलं असं नाही म्हणणार, इकडे ते शाकाहारीच धरतात. मी विचारलं म्हणून कळलं. मग शेफ स्वतः टेबलापाशी आला, आईशी हाताच्या खुणांनी बोलला आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्यासाठी वेगळं व्हायला लागलं, कोलेरा नावाचा इथला पाय (pie) असतो, बटाटा, सफरचंद, लीक (कांद्याच्या पातीसारखी भाजी) आणि चीज भरलेला, तो त्याने अंडं न लावता आणि रेनेट नसलेलं चीज घालून केला. आईने त्याला तिची लसणाची चटणी दिली, ती त्याने खरंच चाखली आणि डबी मागून घेतली.

पण त्याआधी, डिसेंबर-जानेवारीत, सात रात्रींपैकी चार रात्री माझ्यासमोर मशरूम रिझोटो आला होता. दोन्ही मुक्कामांनंतर मी फीडबॅकच्या फॉर्मवर लिहिलं, काही झालं नाही, प्रत्यक्ष बोलल्यावरच झालं. म्हणून बुकिंगच्या ईमेलमध्येच लिहा, नुसतं "व्हेज" नाही, काय चालतं आणि काय नाही ते एकेक करून.

आणि नाश्त्याला जानेवारीत आंबा आणि स्ट्रॉबेरी! जेवणाच्या मेन्यूत शेताचं नाव लिहिणाऱ्या हॉटेलात विमानाने आलेला कच्चट आंबा कशाला हवा? मी विचारलं, ते म्हणाले पाहुण्यांना लागतो. एप्रिलमध्येही होता. याच खोऱ्यात जर्दाळू पिकतात, त्यांचा मुरंबा त्याच टेबलावर होता आणि अप्रतिम होता. मला यात राग येतो कारण वर चढलं की कारण दिसतं. स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांनी २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत आपल्या बर्फाचा दहावा हिस्सा गमावलाय. डिसेंबरात आम्ही ज्या खालच्या उतारांवरून घसरलो ते बरेचसे मशिनने पाणी फवारून केलेले होते, बाजूला तपकिरी गवत आणि मधे पांढरा पट्टा. तो बाहेरचा गरम तलावही उणे अकरात दिवसरात्र तापवावा लागतो, आणि तो मला आवडला हेही खरं, दोन्ही गोष्टी मनात घेऊनच मी त्यात बसले होते.

खर्च विचारणाऱ्यांसाठी, सिझनमध्ये दोघांचा हाफ बोर्ड रात्रीला सहाशे फ्रँकच्या वर, फेब्रुवारीच्या शाळेच्या सुट्टीत त्याहून बराच जास्त. एप्रिल सगळ्यात छान गेला, गर्दी कमी, खोली स्वस्त, वर बर्फ चांगला, फक्त दुपारी बारानंतर तो लापशीसारखा मऊ होतो, त्यामुळे सकाळी पहिल्या लिफ्टने जा आणि जेवायच्या वेळेला खाली या.

पुढच्या डिसेंबरासाठी पुन्हा बुकिंग केलंय, मागच्या बाजूची खोली, शिक्षिका तीच. आईबाबांनी जाताना राईचे दोन पाव सोलापूरला नेले. तीन आठवड्यांनी फोन आला, शेवटचा तुकडा बाबांनी शेंगांच्या आमटीत चुरून खाल्ला म्हणे, आणि शेफने चटणीबद्दल काही कळवलं का असं आई विचारत होती.